एका तासाचा पाऊस आणि चोवीस तासांचा हिशेब

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जालना
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

महोदय,

भोकरदन तालुक्यातले राजूर राज्यभर ठाऊक आहे ते राजुरेश्वर गणपतीमुळे. सरकारदरबारी त्याची आणखी एक ओळख आहे. राजूर हे महसूल मंडळ आहे आणि या मंडळातला पाऊस रोज वेगळा मोजला जातो. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. हवामान खात्याची ही पद्धत जुनी आहे, देशभर एकच आहे आणि तिच्यात वावगे काही नाही. पण समजा, सप्टेंबरात एके दिवशी सकाळी सातला आभाळ फुटले आणि दहापर्यंत कोसळत राहिले. साडेआठच्या आत ४० मिलिमीटर पडला, साडेआठनंतर आणखी ४०. ओढ्याला तीन तासांत ८० मिलिमीटरचे पाणी आले. काठची कपाशी आडवी झाली, बांध फुटला, वस्तीचा रस्ता तुटला. नोंदवहीत मात्र दोन तारखांपुढे चाळीस-चाळीस लागले. अतिवृष्टीची सरकारी रेघ चोवीस तासांत ६५ मिलिमीटरवर आहे. म्हणजे कागदोपत्री त्या दोन्ही दिवशी अतिवृष्टी झालेलीच नाही.

हे पत्र या रेघेविषयी आहे. पाऊस मोजायची आपली सगळी व्यवस्था नुकसान झाल्यावर भरपाई ठरवण्यासाठी राबते. तोच आकडा पाणी गावात शिरण्याआधी कोणाच्या तरी हाती पडला, तर माणसे आणि जनावरे वाचतील. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ या कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले आहे आणि जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना सहअध्यक्ष केले आहे. महसूल, जलसंधारण, बांधकाम, पाटबंधारे, कृषी ही सगळी खाती ज्या एका टेबलाशी येतात ते टेबल आपले आहे. म्हणून पत्र आपल्याला.

२०२५ चा पावसाळा मराठवाडा विसरणार नाही. १७ ऑगस्टच्या रात्री नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात दोनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. लातूर-उदगीरकडून आणि कर्नाटकातून आलेले पाणी त्यात मिसळले आणि रावणगाव, हसनाळ या गावांना पाण्याने झोपेतच गाठले. अडकलेल्यांना काढायला लष्कर बोलवावे लागले. हसनाळात माणसे गेली, गोठ्यात दावणीला बांधलेली जनावरे तिथेच मेली. पुढे सप्टेंबरच्या अखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या वर पाणी सोडले गेले. २००६ च्या ऑगस्टमध्ये पैठण शहर बुडाले तेव्हाचा विसर्ग अडीच लाखांच्या घरात होता, यावरून २०२५ च्या पुराची कल्पना यावी. आपल्याच जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या गोदाकाठच्या लोकांना घरे सोडावी लागली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. राज्यात ६८ लाखांहून अधिक हेक्टरवरची पिके बाधित झाली होती. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामे, अशी तरतूद त्यात होती.

गोदावरीचा पूर निदान सांगून येतो. जायकवाडीच्या नाथसागराला २७ दरवाजे आहेत, ते कधी आणि किती उघडणार याची सूचना निघते, नदीकाठच्या गावांना काही तास मिळतात. मोठ्या नदीचा पूर दिवसभर चढतो आणि दिवसभर उतरतो. राजूरच्या पट्ट्यातला पूर निराळा. माळावर पाऊस कोसळतो, घळीतून ओढ्यात उतरतो, ओढा तासाभरात काठाबाहेर येतो आणि दोन-तीन तासांत ओसरूनही जातो. त्याला ना धरण, ना दरवाजे, ना भोंगा. दुपारी पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा ओढ्यात गुडघाभर पाणी असते. एवढ्याशा ओढ्याने तीन एकर रान कसे नेले, हे शेतकरी त्याला समजावत बसतो.

या पावसाची घडण समजून घेतली की मोजणीचा प्रश्न आपोआप समोर येतो. मे-जूनच्या वळवात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वेगाने वर चढते. वर गार झाली की तिच्यातल्या वाफेचे पाणी होते. पाणी होताना बाहेर पडणारी उष्णता त्या हवेला आणखी वर लोटते आणि ढग १२ ते १५ किलोमीटर उंच वाढतो. खालून वर जाणारा झोत जोरात असेपर्यंत थेंब आणि गारा वरच झुलत राहतात. झोत ढिला पडला की सगळे पाणी एकदम खाली येते, आणि त्याच्यासोबत पत्रे उडवणारा गार वारा. अशा एका ढगाचे आयुष्य साधारण अर्धा ते एक तास. म्हणून शिवेच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ असे दृश्य आपल्याकडे नवे नाही. एकटा ढग फारसा घातक नसतो. एकामागून एक ढग त्याच वाटेने येऊन त्याच माळावर रिते होऊ लागले की ओढ्याला सवडच मिळत नाही. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र विदर्भ-तेलंगणावरून मराठवाड्याकडे सरकते तेव्हा नेमके हेच होते, कारण ढगांना लागणारी वाफ मागून येतच राहते. २०२१ च्या सप्टेंबरात आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलेल्या 'गुलाब' चक्रीवादळाचे अवशेष २७ आणि २८ तारखेला मराठवाड्यावरून गेले आणि दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. शिवाय तापमान एक अंशाने वाढले की हवेची वाफ धरून ठेवण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. वर्षाचा पाऊस तेवढाच राहिला तरी तो थोड्या वेळात पडण्याची शक्यता वाढते.

तासाला १०० मिलिमीटर पाऊस वीस-तीस चौरस किलोमीटरवर पडला तर हवामान खाते त्याला ढगफुटी म्हणते. हा आकडा जालन्याच्या माणसाला कळेल अशा मापात मांडू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. २० चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पडला की २०० कोटी लिटर होतात. दहा हजार लिटरचे दोन लाख टँकर एका तासात. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या मागे हंडे घेऊन धावलेल्या जिल्ह्याला हे माप वेगळे सांगायला नको.

पण तेवढाच पाऊस जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये सारखा वागत नाही. आपली जमीन काळी, कापसाची, खाली काळा पाषाण. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतूनच गडप होतो. मग ही माती फुगते आणि भेगा मिटतात. चिकण माती चिंब भिजली की ती तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी पिते, बाकीचे उताराला लागते. पोळ्यापर्यंत झड लागून गेलेली असेल, विहिरी भरलेल्या असतील, तर त्यानंतरचा ५० मिलिमीटरचा पाऊससुद्धा जूनमधल्या ८० मिलिमीटरपेक्षा जास्त नासधूस करतो. ६५ मिलिमीटरची रेघ मात्र जूनला तीच आणि सप्टेंबरलाही तीच. जमीन किती भिजलेली आहे, ओढे किती भरलेले आहेत आणि पाऊस किती तासांत पडला, या तिन्ही गोष्टी त्या एका आकड्यात कुठेच दिसत नाहीत.

निकष बदलता येत नाहीत, असे कोणी म्हणू नये. शेतकऱ्यांच्या मागणीनंतर २०२३ मध्ये राज्याने 'सततचा पाऊस' ही आपत्ती मानली आणि त्यासाठी सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर असा निकष घातला. हळू पडून पीक सडवणारा पाऊस अशा रीतीने कागदावर आला. वेगाने पडून माती नेणाऱ्या पावसालाही तसेच तासाचे माप हवे. याची निकड आता आणखी वाढली आहे. २०२३ च्या खरिपात आलेली एक रुपयातली पीकविमा योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली आणि तिच्याबरोबर शेतात पाणी साचणे, ढगफुटी अशा स्थानिक आपत्तींचे वेगळे संरक्षणही गेले. त्यामुळे मंडळाच्या पर्जन्यमापकावर किती आकडा उमटला, यावर आता शेतकऱ्याचे जास्तच अवलंबून आहे.

मोजायची यंत्रे आहेत. 'महावेध' प्रकल्पात राज्यभर मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. जुन्या काचेच्या मापात सकाळी एकदा पाणी ओतून आकडा लिहावा लागे. या केंद्रांना ते बंधन नाही, दिवसभर थोड्या थोड्या वेळाने ती आकडा देत राहतात. म्हणजे पाऊस किती वेगाने पडतो आहे, ही माहिती तयार होतेच. पण ती खाली गावात, ओढ्याकाठच्या घरात त्याच तासाला पोहोचण्याची वाट अजून बांधलेली नाही. शिवाय राज्यात गावे चाळीस हजारांवर. एका केंद्राच्या वाट्याला सरासरी वीसेक गावे येतात, आणि गडगडाटी ढग तर दोन गावांतसुद्धा दुजाभाव करतो. केंद्रावर १५ मिलिमीटर आणि चार कोसांवरच्या वाडीत ७० असे घडू शकते. मग त्या वाडीचे नुकसान सिद्ध करायला पुरावा कुठून आणायचा?

मुंबई हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. पाण्याचा आयुष्यभर अभ्यास केलेला हा माणूस, १९९३ च्या स्टॉकहोम जल पुरस्काराचा मानकरी. मुंबईची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेली होती, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आले. पुढची कामे तासाला ५० मिलिमीटर धरून झाली आणि महापालिकेने दर पंधरा मिनिटांनी आकडा देणारे पर्जन्यमापक शहरभर बसवले. तिथे हिशेब चालतो तो तासाचा. जालना जिल्ह्यातल्या गावओढ्यांना आणि पुलांना हा हिशेब अजून लागलेला नाही.

पुलांचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. आपल्या ग्रामीण रस्त्यांवर ठिकठिकाणी नळकांडी पूल आहेत. ओढ्यात सिमेंटचे दोन-तीन नळे टाकायचे, वर मुरूम आणि खडीचा भराव, त्यावर डांबर. समजा मीटरभर व्यासाचे तीन नळे आहेत. त्यांतून सेकंदाला पाच, फार तर सात घनमीटर पाणी जाईल. आता त्या ओढ्याला पाच चौरस किलोमीटरचे पाणलोट आहे असे धरा, म्हणजे ५०० हेक्टर. भिजलेल्या जमिनीवर तासभर ६० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस पडला आणि त्यातला साठ टक्के वाहून आला, तर पुलाशी सेकंदाला ५० घनमीटर पाणी येते. नळ्यांच्या ताकदीच्या सात ते दहा पट. आणि हे नळे मोकळे असतील तर. प्रत्यक्षात एका नळ्यात गाळ असतो. दुसऱ्याच्या तोंडाशी शेतातून वाहून आलेली पऱ्हाटी, बेशरमाची झुडपे, ठिबकच्या फाटक्या नळ्या आणि प्लास्टिकच्या गोण्या यांचा गठ्ठा बसलेला असतो. मग रस्ताच धरणाचा बांध होतो. वरच्या बाजूची शेते पाण्याखाली जातात, पाणी डांबरावरून वाहू लागते, खालच्या अंगाने भराव कुरतडला जातो आणि एका क्षणी सगळे सुटते. खालच्या शेताला लागतो तो फुटलेल्या रस्त्याचा लोंढा.

माणसे मरतात तीही बहुतेक अशाच ठिकाणी. डांबरावरून वाहणारे पाणी जेमतेम पोटरीभर दिसते आणि मोटारसायकलवाल्याला वाटते, निघून जाऊ. पण पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. वेगातले वीतभर पाणी उभ्या माणसाचे पाय उचलते, दोन फूट पाणी चारचाकी वाहून नेते. गढूळ पाण्याखाली डांबर शिल्लक आहे की खचले आहे, हे वरून कळत नाही. राजूरहून भोकरदनकडे जाणाऱ्याला केदारखेड्याजवळ नदी लागते. तिथला पूल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, तिथे पोलीस उभे राहतात. आतल्या वाड्यांच्या रस्त्यांवर उभे राहायला कोणी नसते. शाळा सुटलेली पोरे आणि बाजारातून परतणाऱ्या बाया ज्या पुलावरून जातात तो नकाशावरही नसतो.

पाझर तलावांचे दुखणे याहून जुने. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर मराठवाड्यात पाझर तलाव आणि नालाबांध ठिकठिकाणी झाले. त्यांनी गावे जगवली. पण मातीच्या भिंतीला निगा लागते. सांडव्यात वाढलेले बाभळीचे झाड, भिंतीत घुशींनी पाडलेली बिळे, निखळलेले दगडी पिचिंग हे सगळे एखाद्या रात्री महागात पडते. जुलै २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली. त्याच आठवड्यात आपल्या भोकरदन तालुक्यातल्या शेलूदच्या धामणा धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपत असल्याने खालच्या गावांनी रात्री जागून काढल्या होत्या. धामणा टिकले. मात्र त्या जागरणाने जे सांगितले ते प्रत्येक लहान तलावाला लागू आहे.

लहान तलाव किती घातक ठरू शकतात, याचा सर्वांत मोठा पुरावा जुन्या निजाम राज्यातच आहे. राजूरही तेव्हा त्याच राज्यात होते. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसा नदीने हैदराबाद बुडवले आणि हजारो माणसे मेली. पुढे सल्लागार म्हणून आलेल्या विश्वेश्वरय्यांनी वरच्या खोऱ्याचा तपास केला, तेव्हा ७८८ लहान तलावांपैकी २२१ फुटल्याचे आढळले. वरचा तलाव फुटतो, त्याचे पाणी खालच्या तलावात पावसाच्या कितीतरी पट वेगाने येते, मग खालचाही फुटतो. अशी ओळच्या ओळ. त्या तपासातून उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी धडा तोच आहे: कोणता तलाव फुटला तर पाणी कोणत्या तलावात आणि मग कोणत्या वस्तीत जाईल, याची उतरंड लावलेली यादी भोकरदन तालुक्याच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हवी आहे.

राजूरच्या माळावरचे पाणी राजूरला थांबत नाही. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा भोकरदन-जाफ्राबादमधून वाहते. गिरजा, धामणा, खेळणा यांचे पाणी तिलाच मिळते. पुढे ती बुलढाणा जिल्ह्यात शिरते, तिथे देऊळगाव राजाकडे खडकपूर्णा धरण लागते, मग परभणीतले येलदरी, हिंगोलीतले सिद्धेश्वर, आणि पूर्णा गावाजवळ गोदावरी. तिथून विष्णुपुरी, नांदेड आणि तेलंगण. भोकरदनच्या दोन-चार मंडळांत रात्री ढग रिते झाले तर खडकपूर्णेच्या दरवाज्यांवर बसलेल्या कर्मचाऱ्याला ते पाणी पोहोचण्याआधी कळले पाहिजे. त्याने घाबरून रात्रीत दरवाजे उघडले तर खालच्या जिल्ह्याला ते कळले पाहिजे. जिल्ह्याची हद्द कागदावर आहे, खोरे एकच आहे. म्हणून पूर्णा खोऱ्यातल्या सगळ्या जिल्ह्यांच्या नियंत्रण कक्षांत पावसाळ्यापुरती तरी एकमेकांच्या तासातासाच्या आकड्यांची देवाणघेवाण व्हावी. पुढाकार जालन्याने घेणे योग्य ठरेल, कारण पाणी वरून खाली जाते आणि आपण वरच्या अंगाला आहोत.

उपाय केवळ इशाऱ्यात नाही, हे याच जिल्ह्याने दाखवले आहे. जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने माथा ते पायथा पाणलोटाची कामे झाली. आधी डोंगरउतारावरचे चर आणि बांधबंदिस्ती, मग ओघळी, शेवटी नाला. गावाची ओळख पुढे द्राक्षांमुळे आणि शेततळ्यांमुळे झाली आणि तिचा उल्लेख नेहमी दुष्काळावरचा उपाय म्हणून होतो. पण तेच चर आणि तेच बांध मोठ्या पावसात पाण्याचा वेगही मोडतात. दुष्काळ आणि पूर यांच्यासाठी दोन वेगळ्या योजना लागत नाहीत. याउलट, माथ्यावर काहीच न करता नुसता नाला खोल आणि रुंद केला की पाणी खालच्या गावाला आणखी लवकर पोहोचते. आणि खोदलेली माती काठावरच ढीग लावून ठेवली, तर पहिल्या मोठ्या पावसात ती पुन्हा नाल्यात किंवा शेजाऱ्याच्या शेतात जाते. जलयुक्त शिवारच्या कामांत हे अनेक ठिकाणी झाले आहे, आणि नवी कामे मंजूर करताना मातीचा ढीग कुठे जाणार याचे उत्तर अंदाजपत्रकातच असले पाहिजे.

कोरड्या वर्षांनी आणखी एक नुकसान केले. ओढा चार वर्षे वाहिला नाही की त्याचे पात्र कोणाच्या तरी बांधात जाते, कुठे उकिरडा होतो, कुठे घर किंवा दुकानाचा ओटा येतो. हे करणारी माणसे वाईट नाहीत. एकराच्या तुकड्यावर पोट असलेल्याला चार फूट रान मोह घालतेच. पण जुन्या गावनकाशावर ओढ्याची रुंदी लिहिलेली आहे आणि पाणी ती विसरत नाही. मोजणी करून हद्दीचे दगड रोवण्याचे काम पुढाऱ्याच्या शेतापासून सुरू झाले, तर गरिबाचा विरोध उरणार नाही.

राजूरपुरती एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. गणपतीच्या साडेतीन पीठांत राजूरची गणना होते. अंगारकी चतुर्थीला लाखो भाविक येतात, जालन्याकडून रात्रभर पायी येणाऱ्यांची रीघ असते. मंदिर टेकडीवर. अंगारकी पावसाळ्यात आली आणि त्या रात्री विजांचा ढग चालून आला, तर उघड्या रस्त्यावरचे हजारो पायी भाविक, टेकडीवरची रांग आणि पत्र्याचे मंडप यांचे काय करायचे, हे आधी ठरलेले असले पाहिजे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप वीज पडण्याची शक्यता आसपासच्या परिसरापुरती सांगते. ते मंदिर संस्थानच्या नियंत्रण खोलीत उघडे असावे, ध्वनिक्षेपकावर काय सांगायचे ते लिहून ठेवलेले असावे, आणि रस्त्याकडेच्या शाळा व मंगल कार्यालये त्या रात्री कुलूप न लावता ठेवावीत. याला पैसा लागत नाही, एक बैठक लागते.

भरपाईची किंमत कमी लेखण्याचा हेतू नाही. ज्याचे वावर खरडून गेले त्याला ४७,००० रुपये मिळालेच पाहिजेत, वेळेवर मिळाले पाहिजेत. पण हेक्टरभर रानातून सेंटिमीटरभर मातीचा थर गेला म्हणजे १०० घनमीटर माती गेली, आणि तेवढा थर तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. उघड्या पडलेल्या मुरमावर तळ्यातला गाळ आणून टाकता येतो. त्याला पुन्हा काळ्या रानाचे सत्त्व यायला शेतकऱ्याची एक पिढी जाते.

महोदय, दरवर्षी मे महिन्यात मान्सूनपूर्व आढाव्याची बैठक होते. यंदाच्या बैठकीत राजूर मंडळापासून सुरुवात करावी, अशी या पंचक्रोशीची विनंती आहे. मंडळातल्या प्रत्येक नळकांडी पुलाची यादी मागवावी, नळे किती आणि पाणलोट किती हे त्यात असावे, आणि पावसाआधी ते मोकळे झाल्याचा फोटो ग्रामसेवकाने द्यावा. प्रत्येक पाझर तलावाचा सांडवा अभियंत्याने स्वतः चालून पाहावा. तासाला ३० मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की तलाठी, सरपंच, पोलीस पाटील आणि खालच्या गावांचे सरपंच यांना त्याच मिनिटाला फोन जावा. रात्री दोनला मोबाईल कोणी पाहत नाही, म्हणून देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा वापरायची परवानगी आधीच देऊन ठेवावी. प्रत्येक शाळेच्या छपरावर एक साधा पर्जन्यमापक बसवावा आणि त्याची नोंद पंचनाम्यात ग्राह्य धरावी. आणि पावसाची तीव्रता तासाच्या मापाने निकषात यावी, असा प्रस्ताव जिल्ह्याच्या वतीने विभागीय आयुक्तांमार्फत मंत्रालयात पाठवावा. तो प्रस्ताव गेल्याची तारीख आणि जावक क्रमांक राजूरच्या ग्रामपंचायतीला कळवावा.

आपले,
राजूर पंचक्रोशीतील रहिवासी
ता. भोकरदन, जि. जालना